चुन्याखालचा कोळसा

एकोणतीस डिसेंबरला सकाळी साडेदहा वाजता आमच्या क्वार्टरची मागची भिंत पडली.

पडली नाही, असं समजून पुढे वाचा. मी गेली नऊ वर्षं तसंच समजून चाललो आहे. कागदोपत्री ती भिंत उभी आहे, चांगल्या स्थितीत आहे आणि दोन वर्षांपूर्वी तिला आतून पिवळ्या रंगाचा एक हातही देण्यात आला. रंग देणाऱ्याला मी काही पाहिलं नाही. पण मग भिंत तरी कुठे पाहिली?

तर भिंत पडली नाही. तिच्या न पडण्याची सुरुवात त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला, कोळशाच्या खिडकीवर झाली.

आमचे बाबा, वासुदेव उरकुडे, बोरमाळच्या भुयारी खाणीत टिंबरमन होते. भुयाराचं छत माणसांच्या डोक्यावर येऊ नये म्हणून त्याला लाकडी टेकू देत जाणारा माणूस, तो टिंबरमन. छत्तीस वर्षं त्यांनी हे केलं आणि छत्तीस वर्षांत त्यांच्या टेकूखाली कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एकतीस डिसेंबरला ते रिटायर होणार होते. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. बी. ए. झालेला आणि घरी. माझं नाव प्रणय. नोकरीचे अर्ज सोडले तर त्या नावाचा तोवर कुठेच उपयोग झाला नव्हता.

कंपनी कामगारांना हिवाळ्यासाठी कोळसा द्यायची. नाममात्र किंमत, पण पावती फाडून, रांगेत उभं राहून विकत घ्यायचा. मधली दोन वर्षं हा कोटा कुठल्याशा फायलीत अडकला होता. तो त्या वर्षी सुटला आणि तीन वर्षांचा कोळसा एकदम आला. त्याच आठवड्यात वसाहतीत कोळसा जाळायला बंदी आली.

"उद्देश?" खिडकीतल्या बाबूने विचारलं.

"म्हंजे?" बाबा म्हणाले.

"कोळशाचा उद्देश. छापलेला आहे, नुसती खूण करा. 'हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी.'"

बाबांनी खूण केली.

"आता खाली सही. हे हमीपत्र. 'सदर कोळसा मी जाळणार नाही.'"

बाबांनी पेन वर उचललं. "मंग घर उबदार कसं ठेवाचं, बापू?"

"ते मला विचारू नका. वरचं कलम कल्याण विभागाचं, खालचं पर्यावरण विभागाचं. मी फक्त दोन्हीवर शिक्का मारतो."

"मग घ्यायचाच कशाला?" मी म्हणालो.

रांगेतली चौदा माणसं माझ्याकडे वळून पाहू लागली. भर लग्नात नवरदेवाला 'लग्न कशाला करतोस' म्हणून विचारावं, तसं काहीतरी माझ्याकडून झालं असावं. आमच्या मागे शेजारचे रायपुरे काका उभे होते. युनियनचे जुने पुढारी. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पोट्टा शिकला ना, म्हून असा बोलून रायला," ते रांगेला म्हणाले, आणि मग मला, "या कोट्यासाठी बावीस दिवस संप केला बे आम्ही. एका वर्षी उचलला नाही तर कोटा रद्द होते. जन्मभरासाठी. जाळू नाही देत तं नको देऊ. पण कोटा सोडाचा नाही!"

बाबांनी सही केली. आमच्यामागे चौदा जणांनी केली. त्या संध्याकाळपर्यंत चौऱ्याऐंशी क्वार्टरांनी न जाळण्याचा कोळसा विकत घेतला. आमचा सहा टन. ट्रकवाल्याने तो मागच्या अंगणात, थेट झोपायच्या खोलीच्या भिंतीला टेकवून ओतला आणि चहाही न पिता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वसाहत अधिकारी हरदास साहेब चुना घेऊन आले.

हरदास साहेब आधी स्टॉकयार्डावर होते. तिथून कोळशाच्या मालगाड्या सुटतात. गाडी भरली की डब्यातल्या कोळशावर चुन्याचं पाणी मारतात, म्हणजे वाटेत कुणी कोळसा काढला तर पांढऱ्यात काळं भगदाड दिसतं. साहेबांनी ही युक्ती वसाहतीत आणली. पाठीवर पंप बांधलेला एक माणूस घरोघर जाऊन ढिगांवर चुना मारत होता आणि साहेब मागून फोटो काढत होते.

"एकोणतीस तारखेला मुख्यालयातून मुजुमदार मॅडम येणार आहेत," साहेब म्हणाले. "धूरमुक्त वसाहतीची ढाल या वर्षी बोरमाळला मिळालीच पाहिजे. चुन्यावर एक काळा डाग दिसला, की उरकुडे, मी ओळख ठेवणार नाही."

"डाग पडला तं काय होते साहेब?"

"नियमभंग. पंधरा दिवसांत क्वार्टर खाली."

गावाकडे आमचं घर बांधायला घेतलं होतं. त्याला चार भिंती होत्या आणि वर आकाश होतं. स्लॅब एप्रिलच्या आत पडणार नव्हता. स्वच्छ रेकॉर्डने रिटायर होणाऱ्याला कंपनी सहा महिने क्वार्टरमध्ये राहू द्यायची. रेकॉर्डवर डाग पडला, की भर थंडीत बिनछपराच्या घरात जायचं.

"साहेब, मले फक्त एप्रिलपर्यंत राहू द्या," बाबा म्हणाले.

"मी कोण राहू देणारा? चुना राहू देईल." साहेबांनी फोटो काढला. फोटोत बाबा, ढीग आणि पंपवाला असे तिघं होते. तिघांतला ढीगच काय तो हसल्यासारखा दिसत होता.

आमच्या भागाचं नाव काढलं की लोकांना अठ्ठेचाळीस अंशांचा मे महिना आठवतो. डिसेंबरातली पहाट त्यांनी पाहिलेली नसते. आठ अंश, नऊ अंश. त्यात बाबांचं निम्मं आयुष्य जमिनीखाली गेलेलं. तिथे बारा महिने घाम. त्यामुळे हिवाळा म्हणजे काय हे त्यांना रजेच्या दिवशीच कळायचं, आणि ते त्यांना आवडायचं नाही. त्यांचे गुडघे तर नोव्हेंबरातच संपावर जायचे.

आधीच्या वर्षांत शेगडी होती. त्या वर्षी बंदी आल्यावर त्यांनी दोन दिवस गॅसवर हात शेकून पाहिले.

"अवो," आई म्हणाली, "सिलिंडर एकवीस दिवसांनी येते. हात शेका, नाही तं भाकर खा. दोन्ही नाही होत."

तिसऱ्या दिवशी मी बाहेरून आलो तर बाबा खाटेखाली होते. नुसते पाय दिसत होते.

"काय झालं बाबा?"

"बॅटरी दे."

मी बॅटरी दिली आणि वाकून पाहिलं. खाटेखाली भिंतीच्या चार विटा काढलेल्या होत्या. विटा शेजारी ओळीने, सुबक मांडून ठेवलेल्या. भोकातून पलीकडचा काळाकुळकुळीत कोळसा दिसत होता.

"चुना बाहेरून मारला ना हरदासनं," खाटेखालून आवाज आला. "आपण आतून जाऊ."

असं आमच्या घरात भुयार सुरू झालं.

हे काम मी थोडंफार खुलासेवार सांगतो, कारण अशी खाण तुम्ही पाहिली नसणार. बाबा कोळसा ओढून काढत नसत. आधी सळईने वरच्या कोळशावर हलकेच ठोकायचे आणि कान लावायचे. टण्ण वाजला तर छत घट्ट. बद्द वाजला तर खाली येणार, मागे सरा. मग हातभर पुढे जायचं आणि टेकू द्यायचा. पहिले टेकू माझ्या क्रिकेटच्या स्टंपा झाल्या. मग मच्छरदाणीच्या काठ्या गेल्या. मग एके दिवशी आईला लाटणं सापडेना.

"लाटणं कुठी हाये?"

"कामावर हाये," खाटेखालून बाबा म्हणाले.

"अन् पोया मी कायनं लाटू?"

"भाकरी कर. भाकरीले लाटणं लागत नाही."

दर दोन हातांवर ते कोळशाचा एक जाड खांब तसाच सोडायचे. "खांबाले हात लावाचा नाही," त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. "लालच सुटते. खांबातला कोयसा जवळ दिसते, सोपा दिसते. पन तो कोयसा नसते. तो आपला जीव असते." हे त्यांनी खाटेखालून, लुंगीवर, पाच फूट उंचीच्या ढिगाबद्दल सांगितलं. मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

आता प्रश्न धुराचा. आमच्याकडचा कच्चा कोळसा पेटताना असा धूर सोडतो की शेजारचा माणूस आधी खोकतो आणि मग विचारतो काय शिजलं. पण याचं उत्तर कंपनीनेच करून ठेवलं होतं. शेजारच्या उघड्या खाणीत रोज दुपारी दोनला सुरुंग उडायचे. भोंगा व्हायचा, जमीन हादरायची आणि धुळीचा एक तपकिरी ढग वसाहतीवर येऊन अर्धा तास बसायचा. त्या अर्ध्या तासात स्वतःचा हात दिसायचा नाही, तिथे शेगडीचा धूर कोण पाहणार? भोंगा झाला की आम्ही शेगडी पेटवून अंगणात ठेवायचो. ढग उतरेपर्यंत धूर सरायचा, निखारे लाल व्हायचे, त्यांवर राख ओढून ते झाकायचे आणि दिवेलागणीला आत आणायचे. आई खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर बंद खोलीत शेगडीने माणसं झोपेतच जातात. त्यामुळे शेगडीची ऊब खिडकीतून बाहेर जायची आणि बाहेरची थंडी आत यायची. तरी बरं वाटायचं.

पुढे कळलं, दोनच्या ढगात एकट्या आमच्याच घरची शेगडी नव्हती. ढगात एकदा मी बादलीला अडखळलो तर पलीकडून रायपुरे काकांचा आवाज आला, "कोन हाये बे?" मी म्हणालो, "मी." ते म्हणाले, "मंग मी पन मीच." ढग उतरल्यावर आम्ही दोघं आपापल्या अंगणात हवामानाबद्दल बोलत उभे होतो.

अठरा तारखेला माझ्या हातून ते झालं.

बाबा पाळीवर होते. शेगडीपुरता कोळसा काढायचं काम माझ्याकडे होतं. आत शेवटापर्यंत सरपटत जायचा मला कंटाळा आला. खांब हाताशी होता. त्याचे चार मोठे डले, म्हणजे ढेकळं, मी ओढले. काही कोसळलं नाही. मी कान देऊन पाहिलं, सगळं शांत. बाहेर येऊन अंग धुतलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

तीन दिवसांनी आईने भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "हे भिंत कोमट कायले लागून रायली?"

बाबांनी तळवा टेकवला. मग गाल टेकवला. मग खाटेखाली जाऊन त्यांनी त्या चार विटा पुन्हा बसवल्या आणि मातीने लिंपून टाकल्या. "आता आत जाचं नाही कोनी," ते म्हणाले. "कोयशाचा गॅस धरते."

"बाबा, आग आहे का आत?"

"ऊब हाये."

खांब मी काढला होता. छत बसलं असणार, फटी पडल्या असणार, हवा शिरली असणार. ढिगातला कोळसा हवा मिळाली की स्वतःच तापतो, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मी सांगणार होतो. पण बाबांनी तेवढ्यात खाट ओढून भिंतीला चिकटवली आणि पाठ टेकवून डोळे मिटले. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा त्यांचे गुडघे सरळ झाले होते. त्या चेहऱ्याला सांगवेना.

पुढचा आठवडा आमच्या घरातला सगळ्यात सुखाचा. शेगडी नाही, धूर नाही, खिडकी बंद. आई भिंतीला टेकवून कपडे वाळवायची. दूध भिंतीशी ठेवलं की दही लागायचं. बाहेर चुना जसाच्या तसा. हरदास साहेब दर सोमवारी येऊन त्याचा फोटो काढून जायचे. बाबा मात्र रोज सकाळी ढिगाच्या टोकाला, फुटक्या कुंडीमागे वाकून काहीतरी पाहायचे. मला वाटायचं, कुंडीतल्या मिरचीला पाणी देतात.

रायपुरे काका एकदा साखर मागायला आले आणि भिंतीला पाठ लावून बसले ते दोन तास उठले नाहीत.

"वासुदेव, हे कोनतं मशीन लावलं तू?"

"कोटा हाये," बाबा म्हणाले.

"मी सांगत होतो ना," काका मला म्हणाले, "कोटा सोडाचा नसते."

एकोणतीस तारीख उजाडली. चौऱ्याऐंशी अंगणांत चौऱ्याऐंशी पांढरे ढीग. मुजुमदार मॅडम करड्या रंगाच्या शालीत होत्या, हातात तपासणीची वही. हरदास साहेब एक पाऊल मागे आणि तोंडाने चार पावलं पुढे. आमच्या अंगणात आल्यावर मॅडम थांबल्या. आमच्या ढिगातून वाफ निघत होती.

"हे काय?"

"धुकं आहे मॅडम," साहेब म्हणाले.

"साडेदहाला?"

"इकडे जरा उशिरा उठतं."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. साहेबांना तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण त्यांना चुना दाखवायचा होता. "पाहा मॅडम, एक डाग नाही," असं म्हणत त्यांनी ढिगावर तळवा ठेवला. ठेवला तसा उचलला आणि खिशात घातला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गार आहे," ते म्हणाले. "अगदी गार आहे मॅडम."

तेव्हा आतून बद्द असा आवाज आला. बाबांनी मान वर केली. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा टेकू गेला होता. पांढरा डोंगर मधोमध खाली बसला आणि आपल्याबरोबर भिंत घेऊन गेला.

धूळ उतरली तेव्हा आमची झोपायची खोली सगळ्यांना दिसत होती. खाट, खाटेवरची गोधडी, तारेवरची बनियनं आणि मधल्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली आई. ढिगाच्या पोटात निखाऱ्यांचा लालभडक गाभारा उघडा पडला होता. त्यात माझी एक स्टंप अजून उभी होती. शेजारी लाटणं जळत होतं.

"चहा घेता ना?" आईने विचारलं.

"उरकुडे!" हरदास साहेब ओरडले. "कोळसा जाळला! मॅडमसमोर! पंधरा दिवस नाही, पंधरा तासांत खाली करायचं क्वार्टर!"

"मी नाही पेटवला साहेब," बाबा म्हणाले. "आपोआप जयला."

"मूर्ख समजता का मला? कोळसा असा आपोआप जळत नसतो!"

कुंपणापलीकडून रायपुरे काकांचा आवाज आला. "साहेब, परत म्हना ना एक डाव. ऐकू नाही आलं सगळ्याइले."

साहेबांचा चेहरा जरा बदलला. पण बाबा तोवर पडलेल्या भिंतीवरून घरात गेले होते. खाटेशेजारची पेटी उघडून त्यांनी कागदांचा एक गठ्ठा आणला आणि मॅडमच्या हातात दिला. कार्बनच्या निळ्या प्रती होत्या.

ते पंचनामे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. स्टॉकयार्डावर दर उन्हाळ्यात कोळसा कमी भरायचा. दर उन्हाळ्यात पंचनामा व्हायचा. सगळ्यांतला मजकूर सारखा: सदर कोळसा उष्णतेमुळे आपोआप पेटून नष्ट झाला. समक्ष, ना. वि. हरदास. पंच, वासुदेव उरकुडे. जुना माणूस, कधी तक्रार नाही, सही सरळ. पंच म्हणून त्यांना खाणीतून वर बोलवून घ्यायचे.

मॅडम वाचत होत्या. "इतका कोळसा जळाला," त्या म्हणाल्या. "राख किती निघाली होती?"

"राख नाही निघाली मॅडम," बाबा म्हणाले. "ट्रकच्या चाकाच्या खुणा निघाल्या होत्या."

मला वाटलं, आता होणार. काय ते माहीत नव्हतं, पण मोठं काहीतरी होणार. मॅडमनी पान उलटलं. दुसरं उलटलं. तिसऱ्या पानावर त्या थांबल्या. त्या पानाच्या तळाशी 'मंजूर' असं लिहून एक तिसरी सही होती. ती त्यांच्या ओळखीची असावी, कारण त्यांनी शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली.

"हरदास," त्या म्हणाल्या, "कोळसा आपोआप जळतो. हे शास्त्र आहे."

"हो मॅडम."

"पण धूरमुक्त वसाहतीत तो जळत नाही."

"नाही मॅडम."

"म्हणजे इथे काय झालं?"

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, निखाऱ्यांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आईने पुन्हा ट्रे पुढे केला.

"काही नाही झालं मॅडम," साहेब म्हणाले.

मॅडमनी वहीत लिहिलं. मी शेजारीच होतो, मला दिसलं. कोळसा: शाबूत. चुना: शाबूत. भिंती: चार, सुस्थितीत. मग वही मिटून त्यांनी एक कप उचलला. गठ्ठा मात्र परत दिला नाही. आमच्या स्वयंपाकघरातून पुढच्या दाराने बाहेर पडताना त्यांनी पायातल्या चपला काढल्या होत्या, हे मला विशेष वाटलं. भिंत असलेल्या घरात माणूस तसंच वागतो.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं खोलीत बसलो होतो. म्हणजे बाहेरच, पण खोलीत. निखारे समोर होते. क्वार्टर वाचलं होतं. मला राहवलं नाही.

"बाबा, चूक माझी आहे. अठरा तारखेला मी खांबातले डले काढले."

"मले मालूम हाये."

"कसं?"

"टेकू लावनाऱ्याले खांब मालूम नसन का? त्याच दिवशी संध्याकाळी मी तिथी लाटणं लावलं." त्यांनी काडीने एक निखारा पुढे ओढला. "खांबानं काई झालं नसतं. हवा एका तोंडानं शिरली तं कोयसा तापत नाही असा. दुसरं तोंड लागते. ते मी केलं."

"कुठे?"

"कुंडीमांगं."

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. मी पण. रिटायर व्हायला बारा दिवस, घराला स्लॅब नाही, आणि या माणसाने मुद्दाम हवेला वाट करून दिली होती.

"कायले?" आईने विचारलं. "अवो, कायले?"

बाबांनी हात निखाऱ्यांजवळ नेले.

"अठरा वर्षं मी सही केली, कोयसा आपोआप जयला म्हून," ते म्हणाले. "एकदाही जयताना पाह्यला नव्हता. रिटायर व्हाच्या अगोदर एकदा पाहाचा होता."

मग त्यांनी गोधडी पायांवर ओढली. "खरंच जयते बरं," ते म्हणाले, जरा आश्चर्याने. "म्या तं खोटंच समजत होतो."

ढाल बोरमाळला मिळाली. ती वसाहतीच्या कार्यालयात काचेच्या कपाटात आहे. बाबा स्वच्छ रेकॉर्डने रिटायर झाले आणि आम्ही सहा महिने त्या क्वार्टरमध्ये राहिलो. निखारे चार दिवसांत विझले. त्यानंतर तो हिवाळा आम्ही तीन भिंती आणि एक ताडपत्री यांवर काढला. भिंत बांधून द्या म्हणता येत नव्हतं, कारण ती पडली नव्हती. बाबांचे गुडघे त्यानंतर कधी पूर्ण सरळ झाले नाहीत.

एप्रिलमध्ये गावच्या घरावर स्लॅब पडला. जूनमध्ये आम्ही किल्ली द्यायला गेलो तर नव्या बाबूने ताबा-यादी काढली. दारं दोन, खिडक्या तीन, भिंती चार. त्याने मोजल्या. तीन भरल्या. "चौथी आणून द्या," तो म्हणाला, "नाहीतर पडली म्हणून लिहून द्या." पडली म्हणून लिहिलं तर तपासणीची वही खोटी ठरते, ढाल परत जाते, म्हणून तसं लिहिलेला अर्ज कुणी घेत नाही. तेव्हापासून क्वार्टर बाबांच्याच नावावर आहे. दर डिसेंबरला तिथे कोटा येतो. मी जाऊन सही करून घेतो. सोडायचा नसतो.

बाबा मागच्या हिवाळ्यात गेले. यंदा मी पुन्हा एक अर्ज केला आहे. त्याची नक्कल खाली देतो.

प्रति,
मा. वसाहत अधिकारी,
बोरमाळ.

विषय: क्वार्टर क्रमांक ४१ची मागील भिंत.

महोदय,

वरील भिंत आपल्या दप्तरी उभी असून ती तशीच उभी राहावी याबद्दल अर्जदाराचं काही म्हणणं नाही. तथापि ती जागेवर नसल्याने ताबा देता येत नाही. तरी सदर भिंतीस एकोणतीस डिसेंबरपासून पूर्वलक्षी प्रभावाने पडण्याची परवानगी मिळावी. ती पडण्यास कोणीही जबाबदार नाही, ती आपोआप पडली, असा पंचनामा सोबत जोडला आहे. त्यावर पंच म्हणून श्री. वासुदेव उरकुडे यांची सही हवी होती. ते सध्या हयात नसल्याने ती मिळू शकली नाही. तरी त्यांनी यापूर्वी आपल्या विनंतीवरून अठरा वेळा न पाहिलेल्या गोष्टीवर सही केली आहे, हे ध्यानात घेऊन, त्यांनी स्वतः पाहिलेल्या या एका गोष्टीवर त्यांची सही आहे असं समजण्यात यावं, ही नम्र विनंती.